बायकांच्या बाजूला वाचणारी ब्राह्मी

निपाणीपासून तीन कोसांवरच्या एका गावात रायगोंडा पाटील नावाचा जैन शेतकरी होता. तंबाखूचं रान, दोन बैलजोड्या आणि पोथ्या वाचायचा नाद, एवढी त्याची इस्टेट. पहिली लेक झाली तेव्हा त्यानं तिचं नाव ब्राह्मी ठेवलं. पहिले तीर्थंकर आदिनाथ भगवंत यांनी जगातली पहिली अक्षरं आपल्या ब्राह्मी नावाच्या लेकीला शिकवली, हे त्यानं पोथीत वाचलं होतं. "नाव ठिवलंय तर अक्षरं द्यायलाच पायजेत," असं म्हणून त्यानं पोरीला पाचव्या वर्षी धुळाक्षरांवर बसवलं. मराठी झाली, मग कानडी झाली. गावात लोक हसायचे. रायगोंडा म्हणायचा, "हसू द्यात."

ब्राह्मीचं अकराव्या वर्षी लग्न झालं आणि पंधराव्या वर्षी, इन्फ्लुएन्झाच्या साथीत, तिचा नवरा गेला. त्याच साथीत बापही गेला. थोरला भाऊ नेमगोंडा वाईट नव्हता, पण विधवा बहिणीचं करायचं काय, हे त्याला उमगत नव्हतं. शेवटी बेळगावच्या शहापुरात राहणाऱ्या पद्मावतीआत्यानं निरोप धाडला, "माझ्याकडं पाठव. मीबी एकटीच हाय." आत्याही विधवा. दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, मागं विहीर. दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाणी गाळून प्यायचं, सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जायचं. अशी सात वर्षं गेली. ब्राह्मी गल्लीतल्या बायकांची पत्रं वाचायची, लिहायची, आणि आयुष्य असंच जाणार हे तिनं मुकाट मान्य केलं होतं.

मग कॅम्पाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, रस्त्याला यल्लाप्पानं पत्र्याचं थेटर उभारलं.

तेव्हा सिनेमा मुका होता. पडद्यावर माणसं तोंडं हलवायची आणि मध्येच काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं यायची. पुढं पेटी-तबला वाजत असायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी शामू नावाचा वाचणारा उभा राहून पाट्या मोठ्यानं वाचायचा. पण थेटराच्या मधोमध कापडाचा आडपडदा होता, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका. शामूचा आवाज पोरांच्या रडण्यातनं आणि पेटीच्या सुरातनं पलीकडं पोचायचाच नाही. बायका यल्लाप्पाच्या आईकडं गाऱ्हाणं घेऊन गेल्या. म्हातारीनं लेकाला सांगितलं, "आमालाबी वाचणारी दे. बाई दे."

बेळगावात शिकलेल्या बायका होत्या, पण थेटरात उभं राहून ओरडायला कोण येणार? कुणीतरी ब्राह्मीचं नाव सांगितलं. यल्लाप्पा ओट्यावर येऊन बसला. आत्यानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिस मावळायच्या आत जेवून आली तर चालंल न्हवं?"

"चालंल की, आक्का."

"मग जाईल."

ब्राह्मीला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती भीतीनं नाही म्हणाली असती. पुढं आयुष्यभर ती सांगायची, त्या दिवशी मला विचारलं नाही हे आत्याचे उपकार.

बायकांच्या दाराशी मनुबाई असायची. जांबोटीच्या रानातली, उंच, हाडापेरानं दणकट. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला घराबाहेर काढलं, तेव्हा डोक्यावर बोचकं घेऊन ती दोन दिवस चालत बेळगावला आली होती. हातात वेताची काठी. बायकांच्या दाराशी रेंगाळणाऱ्या पुरुषाला ती नुसती काठी आपटून दाखवायची. आत गेलं की तिचं रूप वेगळं. लेकुरवाळ्यांना कडेची जागा द्यायची, म्हाताऱ्यांना हाताला धरून बसवायचं, कुणाचं पोर रडलं तर खांद्यावर टाकून दाराशी हिंडवायचं.

पहिल्या दिवशी ब्राह्मीचा आवाजच फुटेना. पाटी आली, गेली, दुसरी आली. बायका कुजबुजायला लागल्या. तेवढ्यात मागनं दारातनं खणखणीत आवाज आला, "आक्का, मी हितं लांब हुबी हाय. मला ऐकू आलं म्हंजी समद्यांस्नी आलं. माज्यासाठी वाच!"

ब्राह्मीनं मान वळवली. अंधारात मनुबाईचे फक्त दात दिसत होते. ती हसत होती. ब्राह्मीनं तिसरी पाटी वाचली ती थेट त्या दाराकडं तोंड करून. आधी मराठीत, मग कानडीत. खेळ संपला तेव्हा मनुबाईनं सुंठ घातलेल्या गरम पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. "घसा जळला असंल. पी." मग ते रोजचंच झालं.

वर्षभरात ब्राह्मी तयार झाली. राक्षस आला की आवाज खर्जात, राणी रडली की गदगदलेला. पडद्यावर 'प्रीती' हा शब्द फार वेळा यायचा. राजपुत्राला राजकन्येची प्रीती लागली, अप्सरेची ऋषीवर प्रीती जडली. शेकडो वेळा हा शब्द तिनं मोठ्यानं वाचला, आणि कधीतरी तिच्या लक्षात आलं की तो वाचताना आपलं तोंड दाराकडं असतं. घरी गेल्यावर तिनं स्वतःला दटावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग तो सिनेमा आला. त्यात एक राजकन्या होती आणि तिची एक सखी, प्रधानाची मुलगी. शत्रूनं किल्ला वेढला तेव्हा सखीनं शिपायाचा वेष घातला, राजकन्येला घोड्यावर मागं बसवलं आणि तटावरनं उडी टाकून रानात नेलं. दोघी झोपडी बांधून राहिल्या. सखी लाकडं फोडायची, राजकन्या फुलं गुंफून तिच्या पागोट्यात खोवायची. आख्ख्या दोन रिळांत दुसरं काही नव्हतं, आणि बायका श्वास रोखून बघत होत्या. पुढं मात्र राजकन्येवर सोडलेला बाण सखीनं छातीवर झेलला. राजकन्येनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. पाटी आली आणि ब्राह्मीनं ती वाचली, 'सखीने स्वामिनीसाठी प्राण वेचले.' मग एक राजपुत्र आला, राजवाडा आला, लग्न झालं. अगदी शेवटी नटलेली राजकन्या खिडकीत उभी राहून रानाकडं बघत होती. खेळ संपला.

त्या संध्याकाळी सुंठीचं पाणी आलं नाही. ब्राह्मी दाराशी गेली तर मनुबाई भिंतीकडं तोंड करून उभी.

"काय झालं गं?"

"तिला कशापायी मारलीस?"

"मी? अगं, पाटीवर तसंच लिहिलंय."

"मला काय म्हाईत पाटीवर काय हाय ते? मला तुजं तोंड दिसतंय. तुज्या तोंडातनं ती मेली." मनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "त्या दोघी चांगल्या ऱ्हात हुत्या. कुनाचं काय खात हुत्या?"

 रात्रभर ब्राह्मीचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी बाण लागला, पाटी आली, आणि ब्राह्मीनं वाचलं, "सखी बेशुद्ध पडली. पण जखम खोल न्हाय. राजकन्या तिला रानातला पाला बांधती."  आता पुढचं लग्न कसं निस्तरायचं? राजवाड्याचं दृश्य आलं तशी ती म्हणाली, "हितं राजाला सपान पडलंय. सपनात लेकीचं लगीन लागतंय." बायका हसल्या. आणि राजकन्या खिडकीत आली तेव्हा ब्राह्मीनं सावकाश, एकेक शब्द तोडून वाचलं, "राजाचं सपान मोडलं. राजकन्या रानाकडं बघतीया. सखी बरी झालीया. पहाटं ही तिच्याकडं जाणार."

बायकांच्या बाजूला टाळ्या सुरू झाल्या. बेळगावच्या थेटरात बायकांनी टाळ्या वाजवल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी शहरात मोठीच गंमत झाली. पडद्याच्या एका बाजूला शामूनं सखीला मारलं होतं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मीनं जगवलं होतं. टांग्यातनं घरी जाताना नवरा-बायकोत वाद लागले. अर्ध्या घरांत सखी मेली होती आणि अर्ध्या घरांत ती राजकन्येची वाट बघत बसली होती.

सकाळी यल्लाप्पानं ब्राह्मीला बोलावलं. शामू आधीच तणतणत उभा होता. "मालक, मी काय खोटं वाचलो काय? माझी बायको मलाच अडाणी म्हनतीया!"

"ब्राह्मीआक्का, काय वाचलात?" यल्लाप्पानं विचारलं.

तिनं सगळं खरं सांगितलं. काढून टाकणार, हे धरूनच ती आली होती. यल्लाप्पानं मिशीवरनं हात फिरवला. मग म्हणाला, "माझी आई परवा खेळ बघून आली आन् घास खाईना. 'दुसऱ्याच्या लेकीला मारून पैसं मिळवतोस व्हय,' म्हणाली. काल पुन्हा आली. आज सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्यान्." तो शामूकडं वळला. "रोजच्या खेळाला दोघांनीबी पाटीवरचं वाचायचं. रविवारी दुपारी निस्त्या बायकांचा खेळ लावू. तवा आक्कांच्या मनाला यील तसं."

त्या रविवारी थेटर भरलं. खेळ सुटल्यावर सगळ्या बायका गेल्या तरी एक म्हातारी उठेना. शहापुरातली विणकर, रुक्माबाई. तिला उठवायला मनुबाई आणि ब्राह्मी दोघी गेल्या.

"बाळ, माझं माहेर नंदगड," रुक्माबाई म्हणाली. "तिथं माझीबी एक हुती. जयी. एका ताटात जेवायचो. तिचं लगीन लांब घाटाखाली झालं. जाताना माझा हात सोडंना, तर तिच्या बानं बोटं उचकटली." तिनं आपली बोटं समोर धरली. "पन्नास वर्सं झाली. जयी हे नाव मी तोंडातनं काढलं न्हवतं. आज काढलं. देव तुझं भलं करू दे."

मनुबाईनं तिला हाताला धरून टांग्यापर्यंत पोचवलं. परत आली तेव्हा ब्राह्मी रिकाम्या बाकावर बसली होती. पत्र्याच्या भोकांतनं उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते.

"मने," ब्राह्मी म्हणाली. तिनं आजवर असं नाव घेतलं नव्हतं. "मी वाचते ते तुझ्यासाठीच वाचते. पहिल्या दिवसापासनं. मला तुझ्यासंगं ऱ्हायचं हाय."

मनुबाईनं काठी भिंतीला टेकवली आणि तिच्या शेजारी येऊन बसली.  मग म्हणाली, "मला तुज्यासारखं बोलाया येत न्हाय. पर रोज सुंट कुटताना मी काय म्हनत असतो, ठावं हाय? आज हिच्या घशाला काय हुऊ नगं. दुसरं देवाजवळ मी काय मागतच न्हाय." तिनं ब्राह्मीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. लाकडं फोडून घट्टे पडलेले ते हात ब्राह्मीला इतके ओळखीचे वाटले की ती रडली, आणि रडताना हसली.

बातमी निपाणीकडं पोचायला वेळ लागला नाही. अर्थात पोचली ती एवढीच, की पाटलाची विधवा लेक सिनेमात ओरडते. नेमगोंडा बैलगाडी जोडून आला आणि ओट्यावरच उभा राहिला.

"आत्या, हिला न्यायला आलोय. लोक तोंडावर बोलाय लागल्यात. पाटलाची पोर शिनेमात बोंबलती म्हणून."

"बोंबलत न्हाय रं, वाचती," आत्या म्हणाली. "तुझ्या बानं शिकवलंय. मी दोनदा ऐकून आलोय."

ब्राह्मी चकित झाली. आत्या थेटरात येऊन गेली, हे तिला माहीतच नव्हतं. मागच्या बाकावर, पदर ओढून बसली होती म्हणे.

तेवढ्यात मनुबाई, हल्ली ती येता-जाता इथलं पाणी भरायची, विहिरीवरनं घागर घेऊन आली. नेमगोंडानं विचारलं, "ही कोण?"

ब्राह्मीनं एकदा आत्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे माझं माणूस हाय, अण्णा."

 नेमगोंडाच्या चेहऱ्यावर राग आला, मग गोंधळ आला, आणि पाणीसुद्धा न घेता तो गाडीत जाऊन बसला. गाडी वळणाआड गेली. आत्यानं ब्राह्मीला विचारलं, "ती सखी खरंच जगली काय गं?"

"न्हाय, आत्या. मरती. मीच जगवली."

"बरं केलंस." आत्या उठली, मनुबाईच्या हातातली घागर तिनं स्वतः उतरवून घेतली. "अगं मनुबाई, जा, तुझं बोचकं घेऊन ये. पर एक सांगून ठिवतो. माझ्या चुलीवर मासळी चढायची न्हाय."

जांबोटीची बाई ती, सुकटीशिवाय तिला महिना जड जायचा. पण तिनं मान्य केलं. महिन्यातनं एकदा कॅम्पात भावकू नावाच्या मैत्रिणीकडं जाऊन पोटभर खायची, तिथंच आंघोळ करायची आणि दारात येऊन ओरडायची, "आत्या, शुद्ध हुऊन आलोय, आत घे!" आत्या हसून तिच्या अंगावर तांब्याभर पाणी आणखी ओतायची.

सहा-सात वर्षं अशी सुखात गेली. मग बोलपट आला. यल्लाप्पानं मुंबईहून यंत्र मागवलं आणि अवघडून ब्राह्मीकडं आला. ती त्याच्या आधीच म्हणाली, "यल्लाप्पा, वाईट वाटून घेऊ नका. आवाज आला, आता वाचणारी कशाला?" यल्लाप्पाचे डोळे भरले. त्यानं कुठनं कुठनं पत्रं धाडून तो राजकन्येचा जुना सिनेमा एका रविवारपुरता पुन्हा मिळवला. रीळ झिजलेलं, पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. सखीला बाण लागला, ब्राह्मीनं तोंड उघडलं, आणि तिच्या आधी आख्खं थेटर बोललं, "जखम खोल न्हाय!" पुढच्या प्रत्येक पाटीला तसंच. पाचशे बायकांनी, काहींनी मराठीत, काहींनी कानडीत, सगळी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. ब्राह्मी नुसती उभी होती. तिचं वाचणं इतक्या जणींच्या तोंडी बसलं होतं हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठवड्यात पहिला बोलपट लागला. मनुबाईला त्या दिवशी यल्लाप्पानं दारावरनं सुटी दिली. दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या. पडद्यावरची बाई स्वतःच गायला लागली तशी मनुबाई दचकली आणि तिनं ब्राह्मीचा हात पकडला, तो खेळ संपेपर्यंत सोडला नाही. बाहेर येताना ब्राह्मी म्हणाली, "एवढी वर्षं मी पुढं, तू दारात. आज पहिल्यांदा शेजारी बसून बघितला."

"वाईट वाटलं?"

"न्हाय गं. लई बरं वाटलं."

काम गेलं, पण बायका गेल्या नाहीत. त्या दुपारी ओट्यावर यायला लागल्या, "आक्का, आमालाबी अक्षरं शिकवा." त्यातनं वर्ग उभा राहिला. लढाई सुरू झाली तेव्हा कॅम्पातल्या शिपायांच्या बायका पत्रं घेऊन येऊ लागल्या, ब्रह्मदेशातनं, इटलीतनं आलेली. ही पत्रं मात्र ब्राह्मी शब्दाला शब्द वाचायची. त्यात तिनं कधी काही बदललं नाही. वाईट बातमी असली की आधी मनुबाईकडं बघायची, आणि मनुबाई उठून त्या बाईला टेकून बसायची.

आत्या त्रेचाळीस साली गेली. शेवटच्या दुखण्यात तिनं जैन रीतीनं अन्न सोडलं होतं, फक्त गाळलेलं पाणी घ्यायची, आणि ते मनुबाईच्याच हातचं. ज्या घरात एकेकाळी मासळीच्या वासाचीसुद्धा भीती होती, त्या घरात ते पाणी मनुबाई रोज फडक्यातनं तीनदा गाळायची. घर आत्यानं ब्राह्मीच्या नावानं केलं होतं.

ब्राह्मीचा रोज सकाळी णमोकार मंत्र म्हणून झाला की ती थोडा वेळ तशीच बसून राही. मनुबाईनं एकदा विचारलं, "अजून काय म्हनतीस गं?" तेव्हा तिनं सांगितलं, नावं घेते. अक्षरं देणारा बाप, आत्या, यल्लाप्पा आणि त्याची आई, रुक्माबाई आणि तिची जयी. "आन् मी?" मनुबाईनं विचारलं. "तू समोर बसलीस की," ब्राह्मी म्हणाली, "तुझं नाव कशाला घ्यायचं?"

सत्तेचाळीसच्या दिवाळीत, भाऊबिजेच्या सकाळी, दारात गाडी थांबली. नेमगोंडा उतरला. वीस वर्षांत केस पांढरे झालेले, पाठीला बाक. या सगळ्या काळात पत्रं आली-गेली होती, आत्याच्या शेवटच्या दुखण्यात तो येऊनही गेला होता, आत्यासाठी पाणी गाळणाऱ्या मनुबाईकडं बघत बसला होता, पण तिच्याशी बोलला नव्हता. आज तो सरळ आत आला आणि म्हणाला, "पाट मांड. ओवाळून घ्यायला आलोय."

ब्राह्मीनं पाट मांडला, पण तबकाकडं वळली नाही. नवरा गेल्यापासनं तिनं ओवाळणीचं तबक हातात धरलं नव्हतं. धरू नको असं कुणी म्हणालं नव्हतं, पण धर असंही कुणी म्हणालं नव्हतं. "अण्णा, मी कसं..."

"तू धाकटी भण न्हवं माझी? मग?"

तिनं तबक सजवलं, निरांजन लावलं. मनुबाईनं तबकाला खालून आधार दिला. ओवाळून झाल्यावर नेमगोंडानं पिशवीतनं गुंडाळी काढली. एक हिरवं शहापुरी लुगडं त्यानं ब्राह्मीच्या तबकात ठेवलं. मग पिशवीत पुन्हा हात घालून दुसरं काढलं. तसंच, त्याच काठाचं. मनुबाई तोवर मागं सरून चुलीकडं निघाली होती.

"अगं, तू कुठं चाललीस?" नेमगोंडा म्हणाला. "मी पाटावरनं उठलोय काय अजून? ये, तूबी ओवाळ."

मनुबाईनं हात पदराला पुसले, आणि तबक घेतलं.